चार नंबरची चूक

मार्केट यार्डात सौदे निघायच्या आधी
वणकुद्रे शेठच्या काट्यावर
तीस किलोच्या रव्याचं वजन आलं:
उणे एक.

शेठ म्हणाले, "म्हणजे आता मीच
गुळाला देणं लागतो की ओ, मॅडम?"
हमाल हसले. मीही हसले,
प्रोग्रॅम माझा होता.

रात्री उद्यमनगरातल्या खोलीत
शेजारचं लेथ बंद झाल्यावर
उलगडत बसले.
काट्याच्या वायरीला कान लावून
प्रोग्रॅम वाट बघत उभा असतो.
उभा तरी कुठला,
कर्नलनं त्याला दाराआड निजवलेलं असतं,
आकडे आले की उठवू, या बोलीवर.
आणि मधेच सिग्नल येतो,
खांद्यावर थाप पडावी तसा.
कर्नल त्याला रिकाम्या हातांनी
दाराबाहेर आणून सोडतो.
खिशात चिठ्ठी: उणे एक.
चिठ्ठीच्या मागं, बारीक अक्षरात: चार.

चार म्हणजे काटा बिघडला नाही.
वायर तुटली नाही, उंदरानं कुरतडली नाही.
चार म्हणजे कुणीतरी हाक मारली, बस.

मी चिठ्ठी कधी उलटून बघितलीच नव्हती.

हाक कुणाची, हे शोधता शोधता दोन वाजले.
पावती छापायला माझा प्रोग्रॅम
दर वेळी एक पोर जन्माला घालतो.
पोर पावती छापतं आणि संपतं.
ते संपल्याचा निरोप जन्मदात्याला पोचवायचा
असा तिथला रिवाज.
आणि तो पोचतो नेमका
पुढचा रवा काट्यावर चढताना.

सकाळी सातापाला समजावताना
हा भाग मी गाळला.
मागच्या हंगामात असाच एक निरोप
फाटकातून आत आला होता
आणि तेव्हा त्याच्या पाठीवर रवा होता.

एवढंच म्हणाले, मधे कुणी हाक मारली
की हा हातातलं काम टाकून देतो.
"असं कसं?" सातापा म्हणाला,
"हाकेला ओ द्यावी, वळून बघावं.
पाठीवरचं कुठं पळून जातंय?"

तसा एक झेंडा असतो.
सिग्नल बांधतानाच लावून ठेवायचा,
मग ओ देऊन झाली की
अडलेला कॉल आपला आपण पुन्हा सुरू होतो,
कुणाला कळतही नाही की मधे काही घडलं.
एका ओळीचं काम. लावला.

सगळ्यांना तो लागू पडत नाही.
झोपेच्या कॉलला तर नाहीच.
दहा सेकंद निजलेल्याला चौथ्याला उठवलं
तर उरलेली सहा त्याच्या हातात देतात,
हवी तर परत नीज म्हणतात.
आणि हाक येण्याआधी दोन आकडे आलेच असतील
तर ते दोनच पुढं देतात,
त्याला चूक म्हणत नाहीत.

शेठ सांगतात, त्या दिवशी सातापानं
पाठीवरचा रवा आधी काट्यावर ठेवला.
आकडा थरथरायचा थांबेपर्यंत
हात तसाच धरून होता.
मग टॉवेल झटकला आणि गेला.
तिसऱ्या दिवशी यार्डात परत,
कुणी काही विचारलं नाही,
त्यानं काही सांगितलं नाही.

नऊ नंबरचा एक सिग्नल असतो.
त्याच्यापुढं कसलाच झेंडा चालत नाही,
तो धरता येत नाही, लांबवता येत नाही.
त्याच्यासाठी ओळ लिहायला गेले
तर मशीनच नको म्हणतं.

आज सौदा वेळेवर निघाला.
तीस किलो चारशे ग्रॅम.
पावती छापून पोर संपलं,
निरोप आला,
काट्यावरचा आकडा हलला नाही.
सातापानं पुढच्या रव्याखाली पाठ घातली
आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला,
"वाचतोय न्हवं का आता?"