स्लग

व्हर्लिन हॉगनच्या कोबीवर
रात्री स्लग चढतात,
शंख हरवलेल्या गोगलगाई.
ॲस्टोरियात धुकं नदीवरून येतं, त्याच्याबरोबर याही.
तो मीठ घालत नाही. बिअरची बशी ठेवतो,
म्हणतो, घ्या एक घोट.
घोटालाही इथे स्लगच म्हणतात.

बावीस वर्षं त्याने शिसं वितळवून
पेपरची एकेक ओळ ओतली.
ती गरम ओळ, तीही स्लग.
बायको गेली त्या बातमीतली एक घरी आणली.
उलटी अक्षरं. आरशासमोर धरली
तरच डोरीन सुलट वाचता येते.

आज कॅनरीच्या मागे गोळी चालली.
पोराच्या खांद्यातून निघालेला स्लग
ट्रेमध्ये टण्णकन पडला.
रात्रपाळीची इंग्रिड बातमीला नाव देतेय,
छापून न येणारं,
आपसातलं, एका शब्दाचं.
त्यालाही तेच म्हणतात.
ती टाइप करते: खांदा.
पुसते.
पोराचं नाव विचारायला घरी फोन लावते.

उचलतो व्हर्लिन.
बोटं चिकट, आवाज कोरडा.
"माझा नातू," म्हणतो. "एकेक अक्षर सांगतो.
नीट जुळव."