मुगीसाठी सामान

नोशिरोच्या आमच्या दुकानात
बर्फ ढकलायची फावडी दाराशीच असतात,
रॉकेलचे डबे त्यांच्या मागे,
आणि पार आत, माशांच्या टाक्यांपलीकडे,
हॅमस्टरच्या सामानाची दीड फळी.
तिथे मी असते, मंगळवार ते शनिवार.

कोदामा-सान पहिल्यांदा आले ते हात हलवत.
शेजारचं बिऱ्हाड सेंदाईला गेलं
आणि जाताना पिंजरा यांच्या पायरीवर.
चिठ्ठीत फक्त नाव: मुगी. म्हणजे जव.
रंग तसाच आहे, म्हणाले.
केवढी आहे, मी विचारलं.
त्यांनी ओंजळ पुढे केली, तोलून दाखवली,
रिकामीच.

"अंथरायला काही नको.
चाळीस वर्षं रंधा मारतोय,
सुगीच्या ढलप्या आहेत घरी, पोतीच्या पोती."
खिशातून एक काढून काउंटरवर ठेवली.
वळलेली, गुलाबी, पलीकडचं दिसेल इतकी पातळ.
शपथेवर सांगते,
माशांच्या पाण्याचा वास दोन पावलं मागे सरला.

मलाच सांगावं लागलं
की नेमका हाच वास तिला नको.
सुगी, हिनोकी, पाइन, तेल असतं त्यांत,
आणि तिची फुप्फुसं ती केवढी,
दिवसभर त्यातच नाक खुपसून झोपणार.
कागदाचं घ्या. करडं, बिनवासाचं.
वीतभर जाड घाला, खणू दे तिला.
कापूस मात्र नाही, पायाला गुंडाळतो.

ते ढलपीकडे बघत राहिले.
मग खोकले, बराच वेळ.
"डॉक्टर मलाही हेच म्हणतो."
कागदाच्या तीन पिशव्या घेतल्या.
ढलपी विसरले.
किंवा नाही विसरले.

दुसऱ्या खेपेला शौचाची वाळू.
ओली झाली की घट्ट होते ती नको, मी म्हटलं,
गालात भरून घेतात, तिथेच गोळा होतो.
आणि डब्याची जागा तुम्ही ठरवू नका.
कोपरा ती निवडते.
तिथला चिमूटभर ओला कागद डब्यात टाका,
कळेल तिला.

आठवड्याने आले ते हसतच.
"संडास कुठे काढायचा यावरून
किती नवरा-बायकोंची भांडणं मिटवलीत मी!
हिने एका रात्रीत ठरवलं.
ईशान्य कोपरा!
जिथे आम्ही खिडकी काढतानाही कचरतो."

चाकाला वेळ लागला.
फळीवरची सगळी त्यांनी उलटी करून पाहिली,
बोटाने फिरवली, कान लावला,
एकेका चाकाला नाक मुरडलं.
जाळीचं नको, मी म्हटलं, पाय अडकतो.
लहान नको, धावताना पाठ उलटी वाकते.
पाठ सरळ राहायला हवी.
"किती?"
निदान एकवीस सेंटिमीटर.
"सात सुन," ते सुताराच्या मापात पुटपुटले,
आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं,
हा माणूस आल्यापासून काउंटरला टेकूनच उभा आहे,
पाठ चाकासारखी गोल.
त्या दिवशी काहीच घेतलं नाही.

फेब्रुवारीत स्वतःच घेऊन आले, वर्तमानपत्रात बांधून.
भूर्जाचं चाक.
"भूर्जाला वास नसतो. म्हणजे असतो,
पण तो कुणाला सांगत नाही."
काउंटरवर ठेवून फुंकर मारली.
फिरत राहिलं. मी दोन गिऱ्हाइकं उरकली,
तरी फिरतच होतं.
आवाज? बर्फ पडतानाही याहून जास्त होतो.

"रात्री दोनला मला जाग येतेच.
आधी छत बघत पडायचो.
आता विचारतो, अगं, निघालीस कुठे?"

मी कागदाची नेहमीची पिशवी काढली.
पैसे मोजता मोजता थांबले.
"एक चुकलं.
अंधारात पडल्या पडल्या कळत नाही,
धावतेय की थांबली.
उठून बघावं लागतं."
चाक पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं,
गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.
"जरासा आवाज ठेवायला हवा होता.
बघतो. एक खुंटी सैल करतो."