घाण्यापुढचा फळा

शाळा बंद पडली तेव्हा लिलावात
तीन बाकं, एक घंटा आणि हा फळा निघाला.
घंटा कोणी नेली ठाऊक नाही.
फळा देवचंद निंबार्तेनं नेला, एकशे ऐंशीला,
तेलघाण्याच्या दारात टांगला
आणि मला म्हणाला,
"तू डी.एड. हायेस ना बे? घरीच त बसून राह्यतेस.
रोज सकाळी काहीतरी लिवत जा.
मानूस थांबला पाह्यजे."

काहीतरी.

सोमवारी भाव लिहिला: जवस, करडई, तीळ.
मंगळवारी भाव लिहिला.
बुधवारी भाव तोच होता.
गुरुवारी कॅलेंडरच्या मागून उतरवून काढलं:
'जवस हा हृदयाचा मित्र'.
दुपारी त्यावर कोणाच्या तरी बकरीनं पाठ घासली,
हृदय तेवढं पुसलं गेलं.
मित्र राहिला. मी तो तसाच ठेवला.

शुक्रवारी खडू धरून उभा,
बोटं पांढरी, फळा काळा,
आत घाणा घरघरत होता
आणि माझ्या डोक्याची पेंड झालेली,
पिळावं तरी थेंब नाही.

तेवढ्यात पारबता मते आली, डबा काखेत.
"मागचं तेल कडू काहून लागलं जी?"
"जवस ओला असंन तुमचा."
तिच्या मागं सायकलवर एक पोरगं,
"म्हशीले पेंड किती द्याची?"
मग लाखांदूरच्या बसमधून उतरलेले एक चश्मेवाले,
बाटली उन्हात धरून,
"याले फेस येते कढईत. भेसळ त नाही?"

मी खडू खिशात टाकला, वही काढली.
मी इतके दिवस आभाळाकडे पाहत होतो,
आणि लोक रिकाम्या डब्यात घालून
प्रश्न आणत होते, तेलाखाली बुडवून
परत घरी नेत होते.

शनिवारी लिहिलं:
'तेल कडू लागते? जवसाले दोन उन्हं जास्त दाखवा,
मग आणा. आम्हाले घाई नाही.'
देवचंद बाहेर आला, वाचलं, डोकं खाजवलं.
"घाई नाही काहून लिवलं? मशीनचा हप्ता तू भरशीन?"
पण पुसलं नाही.
संध्याकाळी कोणीतरी कोळशानं
दोनाचे तीन केले होते.
तेही मी ठेवलं. त्याला माहीत असेल.

पावसाळा गेला. वही अर्धी भरली.
फेसावर लिहिलं, पेंडीवर लिहिलं,
डबा पत्र्याचा की स्टीलचा यावर
पानठेल्यावर दोन जण हमरीतुमरीवर आले.
एका दिवशी काहीच सुचलं नाही
तर लिहिलं, 'आज तुम्हीच विचारा',
आणि कोणी काही विचारलं नाही.

मग भागरताबाई. वय कोणी मोजलं नाही तिचं.
फळ्यासमोर उभी राहिली, बराच वेळ.
"मले वाचता येत नाही.
माह्यासाठी काय लिवलं आज?"
मी वाचून दाखवलं,
जुनं तेल वासावरून कसं ओळखावं, चार ओळी.
ती हसली, दात नव्हते.
"हे त मीच सांगतलं होतं तुह्या मायले."

मग घाण्याच्या धारेखाली हात धरला,
बोटांवर तेल चोळलं, हुंगलं,
"असं पाहावं," म्हणाली,
आणि हात पुसायला काही सापडेना म्हणून
सगळा पंजा फळ्यावर टेकवला.

साबणानं घासून पाहिलं देवचंदनं. निघत नाही.
तिथं खडू चढत नाही, घसरतो.
उजव्या कोपऱ्यात पाच बोटं,
त्यांच्या बाजूबाजूनं मी लिहितो,
ओळी वाकड्या होतात, शब्द कमी बसतात,
म्हणून आता कमीच लिहितो.

काल निंबार्त्यांची धाकटी पोरगी
आपला पंजा त्यावर ठेवून मापून पाहत होती.
"काका, हे कोनाचं हाये?
अन् तेल सुकलं का मग हे जाईन का?"

तिचा प्रश्न वहीत उतरवून घेतला.
उत्तर अजून नाही.
उद्या भाव लिहीन.