माइकची टोपी

शनिवारी धंतोलीत, रविवारी सक्करदऱ्यात.
विषय एकच : जंगलातली लढाई थांबवायची की नाही.
खुर्च्याही एकाच मंडपवाल्याच्या
आणि आवाज माझा.
म्हणजे मशीन माझं. माझा आवाज
कोणी मागितला नाही अजून.
चाळीस वर्षांत एवढंच बोललो :
हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग.
माझा धंदा आणि ती लढाई
जवळपास एका वयाच्या.

शनिवारी प्राध्यापक म्हणाले, बोला त्यांच्याशी,
बोलल्यानं कोणी लहान होत नाही.
मागून कोणी ओरडलं : दलाल!
रविवारी निवृत्त साहेब म्हणाले,
आता थांबणं म्हणजे मेलेल्या पोरांशी दगा,
शेवटचा घाव तेवढा राहिलाय.
एक मुलगी उठली, शेवटचा म्हणजे कितवा?
तिला दंडाला धरून बाहेर नेलं.
टाळ्या दोन्हीकडे सारख्याच.
मला मीटरवर दिसतं ना,
लाल दिवा त्याच जागी थरथरतो.

रविवारी सभेआधी पाणबुडे नावाचा कार्यकर्ता
माइकला नाक लावून म्हणाला,
"काल थे लोक याच्यातच बोलले ना बे?
टोपी बदल याची."
बदलली.
म्हणजे टेंपोमागे गेलो,
तीच काळी फोमची टोपी पिळली, झटकली,
उलटी करून चढवली.
प्राध्यापकांची थुंकी आत गेली,
साहेबांची बाहेर राहिली.
दोन तास कोणाला काही बाधलं नाही.

साडू मात्र बोलत नाही तेव्हापासून.
धंतोलीच्या फोटोत मी आलो,
स्टेजखालून वायर ओढताना, अर्धा.
"तुही बाजू समजली," एवढाच मेसेज.
मी वायर कुठल्या बाजूनं ओढत होतो
ते फोटोत कळत नाही.

वायर गुंडाळतो चिन्ना पुंगाटी.
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा,
भामरागडच्याही पलीकडचा.
दोघांच्याही भाषणात "तिथला माणूस" आला,
दर चौथ्या-पाचव्या वाक्याला, गळा भरून.
तिथला माणूस पायरीशी उकिडवा बसून
ढिली पिन बोटानं दाबून धरून होता.
बोट काढलं असतं
तर दोघंही मुके.

रात्री अकराला सामान चढवताना
त्यानं पहिल्यांदा काही विचारलं.
"भाऊ, मोहाच्या दिवसात बंद राहील का?"
काय बंद?
"गोळ्या."
मग जरा थांबून, स्पीकरचा पट्टा आवळत :
"मोह पहाटे पडते. अंधारातच जा लागते वेचायले.
बत्ती नेली तर एक जण म्हणते, खबर द्याले आली.
नाही नेली तर दुसरा म्हणते, लपून कायले चालली.
माय खोकत जाते."
आजारी आहे का रे?
"नाही. खोकला नाही तिले.
माणूस आहे हे कळाव म्हणून."

मी म्हटलं, पुढच्या रविवारी पुन्हा सभा आहे,
विचारतो कोणाला तरी.
कोणाला विचारणार होतो?
पाणबुडेला?
टेंपो सक्करदऱ्यातून निघाला तेव्हा
मैदानात अजून दोन गट उभे होते,
माइक नसताना दुप्पट ओरडत,
मधे पाणी-बाटल्यांचा खच
आणि एक पोलीस, जांभया देत.

सोमवारी इतवारीत दुकान उघडलं.
मशीन लावलं, टोपी न लावताच
माइक तोंडाशी धरला.
हॅलो म्हणायचं होतं.
खोकलो.
लहानसा, कोरडा, उगाच आणलेला.
मीटरवर दोन हिरवे दिवे उठले,
विझले.
चिन्नानं मान वर केली,
माझ्याकडे नाही, दाराकडे पाहिलं,
मग पुन्हा
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा.