चार टक्के

रुसिंगा बेटावर मला कुणी नावानं हाक मारत नाही.
फुंडी म्हणतात. म्हणजे मिस्त्री.
तीस वर्षं होड्यांचे खोकले ऐकले.
अंधारात पाठ करून बसलो तरी सांगायचो:
हा ओगुटू, त्याचा प्लग काळा पडलाय.
हे दोघे भाऊ, पेट्रोलमध्ये रॉकेल घातलंय.
आणि हा अवीतीचा नवरा, आज जाळं भरलंय,
कारण भरलेली होडी खालच्या सुरात येते.
बायका त्या आवाजावर चूल पेटवायच्या.

पुतण्यानं, राबुरूनं, विजेची मोटर आणली.
बॅटरी भाड्याची, वजनाला बकरीएवढी.
पत्र्याच्या खोलीत दिवसभर ऊन पिऊन
ओळीनं झोपलेल्या असतात त्या.
"पेट्रोल अर्धी मासळी खायचं, काका,
आणि आपण उरलेली."
खोटं नव्हतं ते.
अवीतीनं त्याचे ओमेना हुंगून पाहिले,
तेलाचा वास नाही. चार शिलिंग जास्त दिले.
अवीतीनं चार शिलिंग जास्त देणं
ही बेटावर बातमी असते.

मी मोटर उघडून पाहिली.
आत असेल पुष्कळ काही, पण मला ओळख देईना.
ना काजळी, ना वंगण,
हात घातले तसे बाहेर आले.
स्वच्छ हातांनी जेवलो त्या दिवशी.
घास गोड लागला नाही.

पाणघोड्यालाही ती होडी ऐकू येईना.
पहाटे उथळ पाण्यात तो आणि राबुरू
आदळता आदळता राहिले.
जास्त कोण दचकलं,
दोघंही सांगत नाहीत.

मग ती रात्र.
जाताना पाठीवर असलेला वारा
येताना तोंडावर आला,
पंख्यात जलपर्णीचे केस गुंतले,
ऐंशीचे चाळीस झाले, चाळीसाचे चार.
किनाऱ्यावर उजाडलं, कुणी घाबरलं नाही.
ज्याचा आवाजच येत नाही
तो यायचा राहिला, हे कळणार कुणाला?
अवीतीच म्हणाली, टोपली पालथी घालून,
"फुंडी, तुझा पोरगा?"

माझं जुनं इंजिन घेऊन गेलो.
बेटं मागं बारीक झाली तिथं ते बंद केलं.
इतक्या आत मी ते कधी बंद केलं नव्हतं.
(बंद पडलं होतं, ते वेगळं.)
पाणी लाकडाला चाटत होतं.
कुठलासा पक्षी. माझाच श्वास.
आणि लांब, पातेल्यावर पळी आपटावी तसं काही.
पातेल्यावर पळीच आपटत होता राबुरू.

पडद्यावर अजून चार टक्के होते.
"चार उरले होते, तर वल्ही का मारत बसलास?"
"ते दाखवायचे असतात, काका.
खर्चायचे नसतात."
हाताला फोड आलेले त्याच्या.
दोरानं ओढत आणताना पुढं कुणी बोललं नाही,
माझं इंजिन दोघांच्या वाटचं खोकत होतं,
आणि त्यानं मागं सोडलेल्या निळ्या धुराकडे
मी पहिल्यांदा वळून पाहिलं.

आता त्याच्या होडीच्या नाळेवर
मी एक डबा टांगलाय,
आत जुन्या पिस्टनच्या दोन रिंगा.
लाट लागली की किणकिणतात.
पाणघोडा बाजूला होतो.
आई त्याची काडी ओढते.
भरलेली होडी कशी वाजते, रिकामी कशी,
ते अजून कानात बसलं नाही.
रात्री किनाऱ्यावर येऊन बसतो.
पाठ करून.