बर्फाची जाडी

सकाळी सातला लेइदाचा फोन.
"तुझं पान उघडत नाही. आज बर्फ किती?"
एकोणतीस सेंटिमीटर, मी म्हटलं. गाडी चालेल.
पट्टा बांधू नकोस, काच खाली ठेव.
फोन ठेवून पाहिलं,
माझ्याकडे तर उघडतंय.

हियुमा बेटावर समुद्र गोठला
की त्याच्यावरून रस्ता निघतो,
आणि मग आमचं अख्खं गाव रोज एकच आकडा विचारतं.
तो आकडा माझ्या फडताळात राहतो:
वर रानबेरीच्या मुरंब्याच्या बरण्या,
खाली मुलाने टाकून दिलेला संगणक, झाकण तुटलेलं,
त्याच्या उबेला मांजर.

प्रमाणपत्राची मुदत मार्चपर्यंत.
डिस्क अर्धी रिकामी.
राउटर बंद करून चालू केला,
हा सगळ्यांचा पहिला उपाय, माझा चौथा.
एइनोला विचारलं, उघडतंय.
पलीकडच्या किनाऱ्यावर बोटवाल्यांना विचारलं,
उघडतंय, आणि तुमच्या मांजराचा फोटो काढा आता तिथून.
बंद आहे ते फक्त एका घरासाठी.

मग रात्रीची नोंदवही उघडली.
दर चार सेकंदांनी कुणीतरी दार ठोठावतं.
रूट. अ‍ॅडमिन. टेस्ट. पुन्हा रूट.
कुठल्या कुठल्या देशांतून, चेहरा नाही, रागही नाही,
रस्त्यावर उभ्या असलेल्या एकेका मोटारीचं हँडल
ओढून बघत कुणी जावं तसं.
त्यांच्यासाठीच नोव्हेंबरात मी राखणदार बसवला:
पाचदा चुकलास, तुझा पत्ता वाळीत.

त्या गर्दीत, रविवारी रात्री अकरा वाजून सहा मिनिटांनी,
ऊलार.
पासवर्ड चुकला.
ऊलार. चुकला.
मग सात मिनिटं काहीच नाही.
ऊलार.
ऊलार.
ऊलार.
आणि राखणदाराने आपलं काम केलं.

माझा भाऊ दोन हिवाळ्यांपूर्वी गेला,
बर्फावर नाही, पलंगावर, दुपारी.
तोवर आकडा त्याचा असायचा.
ड्रिलने भोक, भोकात पट्टी, पट्टीचा फोटो.
वापरात नसलेली खाती आधी काढून टाका,
हा नियम मीच एइनोच्या मुलीला शिकवलाय.
ऊलारचं खातं मात्र
या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात.

लेइदाने काय काय टाकून पाहिलं असेल?
लग्नाची तारीख, कुत्र्याचं नाव,
की फक्त त्या दोघांत चालणारं काही.
चुकलेले शब्द नोंदवही जपून ठेवत नाही.
बरंच आहे.

वाळीत काढायला एक ओळ लागली.
बाहेरून पासवर्डने आत यायची वाटच बंद केली,
आता किल्ली असेल त्यालाच दार.
मग ऊलारचा कप्पा पेनड्राइव्हवर उतरवला:
चारशे अकरा फोटो,
सगळे बर्फातल्या भोकांचे,
आणि जवळजवळ प्रत्येकात, खालच्या कोपऱ्यात,
त्याच्या बुटाचं टोक.

संध्याकाळी लेइदाला फोन केला.
"आता उघडेल," एवढंच म्हटलं.
"उघडलं," ती म्हणाली. "सत्तावीस लिहिलंयस."
"हो. दुपारी ऊन होतं."
ती थोडा वेळ फोन धरून राहिली.
मीही.

पेनड्राइव्ह ओव्हरकोटाच्या खिशात आहे.
खातं काढून टाकायची आज्ञा पडद्यावर लिहून ठेवलीय,
एंटर दाबायचं राहिलंय.
तिच्या शेजारी नोंदवही सरकते आहे.
चार सेकंद. रूट.
चार सेकंद. अ‍ॅडमिन.
मांजर कूस बदलतं.