झाड क्रमांक चार

नकाशावर त्याचं वर्तुळ मीच काढलं होतं,
स्टॉकपोर्टच्या कौन्सिलात, तिसऱ्या मजल्यावर,
हीटर बिघडलेल्या फेब्रुवारीत.
खाली टाइप केलं: टी-४, लाइम, मागचं अंगण.
(लिंबाशी काही नातं नाही,
हे आईला फोनवर दोनदा सांगावं लागलं.)
जात, जागा, क्रमांक. वयाला रकाना नाही.

झाड रस्त्यावरून दिसायला हवं, असा दंडक.
हे छपरावरून डोकावतं, म्हणून राखलं.
न दिसणाऱ्याचं सहसा कुणी राखत नाही.
एवढं वाचून मी चहाला उठले.

मग मिस्टर ऑलरेनशॉंचे फोन.
पन्हळ पानांनी तुंबते.
जूनमध्ये गाडीवर चिकट थेंब.
बायकोचे गुडघे, तिला ऊन हवं.
गुडघ्यांना फॉर्मात जागा नव्हती,
मी समासात लिहिले.
आठ आठवड्यांनी अर्ज नामंजूर.

पुढल्या उन्हाळ्यात पानं जुलैतच पिवळी.
आमची डिलिस नायलॉनचा हातोडा घेऊन गेली,
मी वही धरायला.
कलिंगडवाल्यासमोर टिचक्या मारत
कान लावणाऱ्या बाईसारखी
ती खोडाभोवती फिरली.
थांबली. नखाने खरवडलं.
तपकिरी पुट्टी, आत पेन्सिलएवढं भोक.
मग शेजारी दुसरं.
मोजून अकरा, सगळी कमरेच्या उंचीवर.

"सुतारपक्षी," ऑलरेनशॉ म्हणाले.
"पुट्टी भरणारा?" डिलिस म्हणाली.
खिडकीत त्यांची बायको उभी होती.
तिने पडदा ओढून घेतला नाही.

मेलेल्याला परवानगी लागत नाही.
पाच दिवस आधी कळवायचं, बस.
कोर्टाने दंड ठोकला, करवतवाले आले,
दुपारी अंगणात इतका उजेड
की डिलिस डोळ्यांवर हात धरून उभी राहिली.

नियमात पुढे एक ओळ आहे,
इतकी वर्षं टाइप करूनही न वाचलेली:
त्याच जागी नवं झाड लावावं,
जुन्याचं संरक्षण नव्याला आपोआप लागू.

मे महिन्यात पाहायला गेले.
खुंटाला बांधलेली एक काडी,
माझ्या करंगळीएवढी. सहा पानं.
रस्त्यावरून फक्त कुंपण दिसतं.
खुर्चीत, उन्हात, मिसेस ऑलरेनशॉ,
मांडीवर पाण्याची झारी.
"याला नंबर आहे?"
"चार."
"तोच?"
"तोच."
त्या उठल्या, खुर्चीला धरून, हळूहळू,
आणि पाणी घातलं.
निम्मं त्यांच्याच बुटांवर सांडलं.